करंगळीपासून

आमच्या वन्सं माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी हात बघतात. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, तर कप राहिला बाजूला, माझी बोटंच धरून बसल्या. मला वाटलं, अंगठी बघतायत. मी आपली खुशीत. तर म्हणाल्या, "वहिनी, नखं फारच फिकी आहेत तुमची. जिना चढताना धाप लागते का?" नवी नवरी मी, काय बोलणार. धाप लागायची, पण म्हटलं, हिला काय करायच्यात नसत्या चौकशा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. त्यांचा नवरा लवकर गेला. कडेवर पोर घेऊन त्या भावाकडे राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत मोठ्या हॉस्पिटलात मावशी म्हणून कामाला लागल्या. मी आले तेव्हा त्या तिथे चांगल्या मुरल्या होत्या. त्यांचं काम काय, तर ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंट ज्या खोलीत ठेवतात, तिथे बसून त्यांची नखं साफ करायची. वाढलेली कापायची, रंगवलेली पुसायची. भूल दिल्यावर माणूस बोलत नाही, तेव्हा श्वास नीट चाललाय की नाही ते नखांच्या रंगावरून कळतं, शिवाय बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, त्यालाही रंगाच्या थरातून नीट दिसत नाही. म्हणून तिथे गेलं की राणी असो की मोलकरीण, नखं उघडी. मी सुरुवातीला फार हसायचे. म्हणायचे, "वन्सं, लोक नेलपॉलिश लावायचा पगार घेतात, तुम्ही काढायचा घेता." त्या हसायच्या नाहीत. विनोद त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पोचला तरी पावती मिळत नाही.

पण एकदा माझीच त्या खोलीत जायची वेळ आली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले होते. लांबट खोली, खाटांमध्ये हिरवे पडदे, खिडकीखाली स्टीलचं टेबल, टेबलावर कापसाचा डबा आणि रिमूव्हरची बाटली. त्या बाटलीचा वास मला ओळखीचा होता, वन्सं घरी आल्या की त्यांच्या आधी तोच आत यायचा. मी कुणाला दाखवलं नव्हतं, पण आतून पार गळाठले होते. वन्सं आल्या. घरातलं माणूस म्हणून काही वेगळं बोलल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, माझा हात मांडीवर घेतला आणि करंगळी धरली. नुसती करंगळी. बाकीचा हात तसाच सैल. मग एकेक बोट करत अंगठ्यापर्यंत आल्या, तोवर माझा श्वास जागेवर आला होता.

नंतर घरी विचारलं, करंगळीपासूनच का. म्हणाल्या, "अंगठा धरला की माणसाला वाटतं, सही घेतायत. मधलं बोट धरलं की वाटतं, सुई टोचणार. करंगळी धरली की कुणी घाबरत नाही. लहान पोरं नाही का करंगळी धरून चालत?" इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

तर माझी ती फिकी नखं. ऑपरेशनच्या आधीची गोष्ट, मी लक्ष दिलं नाही. पुढे नखं मऊ पडली, मधे खोलगट झाली. एक दिवस मी भांडी विसळत होते, तर वन्सं मागून आल्या, माझा हात धरला, पुसला आणि नळाखाली बोट धरून माझ्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब ओघळला नाही. चमच्यात बसावा तसा बसून राहिला. "बघा," त्या म्हणाल्या. "चला आता गुपचूप." मला हॉस्पिटलात नेऊन रक्त तपासायला लावलं. अंगात रक्त इतकं कमी होतं, की डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, तुम्ही उभ्या कशा आहात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण खरा जाच घरी. जेवण झाल्याबरोबर मला चहा लागतो, तो वन्संनी बंद केला, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळल्याशिवाय ताट पुढे सरकवू देत नसत, लिंबाने ते लागतं म्हणून. अंडी, डाळी, खजूर. मी चिडायचे, नवऱ्याकडे तक्रार करायचे. नवरा पेपरच्या मागून म्हणायचा, "ती म्हणते तसं कर." माझा नवरा आयुष्यभर हेच एक वाक्य बोलत आलाय, फक्त कधी 'ती म्हणते', कधी 'तू म्हणतेस'. असो. काही महिन्यांनी नखं भरून आली. थेंब ओघळायला लागला. मी हे कधी तोंडाने मान्य केलं नाही, पण त्या बाईने मला उभं केलं.

त्या सर्वज्ञ होत्या असं मात्र समजू नका. त्यांची मुलगी लहान असताना तिच्या नखांवर पांढरे ठिपके यायचे. वन्संनी ठरवलं, कॅल्शियम कमी आहे. झालं, पोरीच्या मागे दुधाचा पेला लागला. पोर नाक दाबून प्यायची, वर्षानुवर्षं. मग एकदा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सांगितलं, की मावशी, ते ठिपके बहुतेक वेळा कुठेतरी बोट आपटल्याचे असतात, नखाच्या मुळाशी मार लागतो आणि काही आठवड्यांनी ठिपका वर येतो. वन्संना आठवलं, पोर शाळेत बाकावर बोटांनी ताल धरते म्हणून चिठ्ठ्या येतात. घरी येऊन म्हणाल्या, "उद्यापासून दूध बंद." पोर म्हणाली, "आणि आतापर्यंत प्यायले ते?" वन्सं म्हणाल्या, "ते हाडांना लागलं." विषय संपला.

ही मुलगी म्हणजे आमची खारू. नखं कुरतडायची, खारीसारखी दोन्ही हात तोंडाशी धरून, म्हणून मीच नाव ठेवलं. मला मूल झालं नाही. घरात एकच लेकरू, ते दोन बायांनी वाटून घेतलेलं. वेणी माझ्याकडे, अभ्यास माझ्याकडे, रुसवे माझ्याकडे. नखं मात्र आईकडे. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी दोघी बसायच्या, वन्संच्या मांडीवर तिचा हात, करंगळीपासून सुरुवात. खारू बडबडत असायची आणि वन्सं मान खाली घालून ऐकत असायच्या. मला त्या वेळी तिथे थारा नसायचा. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा.

पोर मोठी झाली, शिकली, आणि एक दिवस म्हणाली, की एक मुलगा आहे, तो आणि त्याची आई भेटायला येणार आहेत. आम्ही घर आवरलं. मुलगा उंच, शांत, बोलायला गोड. खारू त्याच्याकडे बघायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळं छान चाललं होतं. मग त्याने चहाचा कप उचलला आणि मला वन्संचं तोंड दिसलं. त्याच्या बोटांची टोकं जाड, गोल होती, नखं फुगीर, घड्याळाच्या काचेसारखी. मी टेबलाखालून वन्संच्या पायावर पाय ठेवला. काही उपयोग नाही.

"तुम्हाला खोकला असतो का हो?" वन्सं म्हणाल्या. "छातीचा फोटो कधी काढलाय?"

त्याच्या आईचा कप अर्ध्यावर थांबला. मुलगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. वन्सं आपल्या काळजीनेच बोलत होत्या, मी शपथेवर सांगते. हॉस्पिटलात अशी बोटं त्यांनी ज्यांची पाहिली होती, ती माणसं छातीच्या नाहीतर हृदयाच्या दुखण्याने आलेली होती, आणि त्यातली काही परत गेली नव्हती. त्यांना समोर जावई दिसत नव्हता, त्यांना आपली लेक दिसत होती, आपल्यासारखीच एकटी पडलेली. पण हे त्या बाईंना कसं कळणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात टेबलावर पसरले. तशीच टोकं, तशीच नखं. "आमच्या घरात सगळ्यांची अशीच आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांचीही होती. ते नव्वदीच्या पुढे जगले."

इथे तरी थांबावं ना माणसाने. वन्सं म्हणाल्या, "असेलही. तरी एकदा तपासून घेतलेलं बरं."

"तुम्ही मुलगी देताय," त्या बाई उठत म्हणाल्या, "की आम्हाला भरती करून घेताय?"

बोलणी तिथेच मोडली. मुलाने पुढे काही दिवस फोन केले, मग त्याच्याकडूनही हळूहळू गार पडलं. घरच्या बोटांचा प्रश्न निघाला की माणसं घट्ट होतात, त्यात त्याचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही. नंतर वन्संनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तशी बोटं असतात, त्यांना काहीही झालेलं नसतं. वन्सं घरी आल्या, पर्स खुंटीला लावली आणि जेवल्या नाहीत.

खारूने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तुला माणसं दिसतच नाहीत. नखंच दिसतात." आणि लांबच्या शहरात नोकरी शोधून निघून गेली. रात्रभर प्रवास करून पोचायचं एवढं लांब. निघताना नमस्काराला वाकली तेव्हा मी पाहिलं, नखांना गडद जांभळा रंग. काळाच म्हणा ना. आयुष्यात कधी नखं न रंगवलेली पोर. वन्संनीही पाहिलं.

त्यानंतर घर म्हणजे नुसत्या भिंती. दर रविवारी फोन यायचा, चेहरा दिसायचा. मी आपली भराभरा विचारून घ्यायचे, काय खाल्लंस, कुणाशी भांडलीस, केस का कापलेस. वन्संना फोन दिला की त्या बघत राहायच्या. खारू कॉफीचा मग धरून बसायची आणि मगाभोवती ती काळी नखं. वन्संची नजर तिथे जायची आणि परत चेहऱ्यावर यायची, परत तिथे. एकदा न राहवून म्हणाल्या, "त्या रंगाचं नाव काय गं?" तिकडून फक्त "आई" असं आलं. आवाज चढलाही नव्हता. वन्सं फोन ठेवल्यावर मला म्हणायच्या, "बारीक झालीय का हो वहिनी?" मला काय कळणार, मीसुद्धा तेवढंच बघितलेलं.

माणसाची आठवण येते म्हणजे काय होतं, ते मी या बाईकडे बघून शिकले. रडत नव्हत्या. कामावर वेळेवर, स्वयंपाकात मदत, सगळं जिथल्या तिथे. पण रविवारी सकाळी टेबलाशी बसायच्या, समोर नेलकटर, आणि स्वतःची नखं कापून झाल्यावर माझ्याकडे बघायच्या. मी मुकाट्याने हात पुढे करायचे. इतकी वर्षं ज्या जागेचा हेवा केला, ती अशी मिळाली आणि मला ती नकोशी झाली. हॉस्पिटलातल्या सिस्टर एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या मावशींना हल्ली तरुण मुलींचे हात सोडवत नाहीत. पेशंटला आत न्यायचंय म्हणून सांगावं लागतं." मी हसून घेतलं आणि घरी येईपर्यंत डोळे पुसत आले.

मग एका महिन्यात चेहरा दिसणं बंद झालं. नुसता आवाज. नेट नीट नाही म्हणायची. आवाज बसलेला, तर सर्दी म्हणायची. दोन वाक्यांत फोन बंद. वन्सं अंगणात जाऊन उभ्या राहायच्या, जसं काही तिथून ते शहर दिसणार होतं. "मी जाऊन येऊ का?" असं एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "बोलावलंय का तिने?" तिने बोलवावं, एवढंच त्यांना हवं होतं. न बोलावता गेलं तर पुन्हा तेच, नखं बघायला आली म्हणेल.

पुढे चेहरा परत दिसायला लागला आणि पाठोपाठ खारूच येते म्हणाली. चार दिवस. मी वन्संना स्वयंपाकघरात गाठलं. "हे बघा," मी म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे. ती असेपर्यंत नखांचा न काढायचा नाही. हाताकडे बघायचंसुद्धा नाही." वन्संनी मान हलवली. शहाण्या मुलीसारखी.

पोर आली. हाडं वर आलेली, चालताना मधेच थांबायची. नखं तीच, काळीकुळकुळीत. वन्संनी शपथ अशी पाळली की बघवेना. खारू ताट घ्यायला हात पुढे करायची, तर या खिडकीबाहेर बघत. खारू शेजारी येऊन बसली, तर या मटार सोलायला घेत. डबाभर मटार सोलून झाले, मग घेवडा निवडायला काढला. शेवटी नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "आता काय घरातलं धान्य निवडणार?" एरवी त्याला काही दिसत नाही, पण ते दिसलं. खारूही बघत होती. आई आपल्याकडे बघत नाही, हे तिला सोसत नव्हतं. मला वाटलं, उलटली का काय माझी शपथ.

निघायच्या आदल्या दुपारी मी टेबलाच्या एका कडेला इस्त्री करत होते. वन्सं दुसऱ्या कडेला. खारू आतून आली. तिच्या हातात वन्संच्या कपाटातली रिमूव्हरची बाटली आणि कापूस होता. ते टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि दोन्ही हात आईच्या पुढ्यात ठेवले.

"आई, काढ," ती म्हणाली.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सुटली शपथ. माझा गळा शाबूत आहे."

त्यांनी कापूस ओला केला आणि करंगळी धरली. काळा रंग निघाला तसं खालचं नख दिसलं. नखाच्या मधोमध एक आडवी खाच. कपड्याला घडी पडून राहावी तशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वन्संनी त्यावरून अंगठा फिरवला. दुसरं बोट पुसलं. तिथेही तशीच खाच, त्याच उंचीवर. तिसऱ्यालाही. माझी इस्त्री उभीच राहिली. मला यातलं काही कळत नव्हतं.

"कधी?" वन्संनी विचारलं.

"तीन महिने होत आले."

"ताप?"

"न्यूमोनिया. हॉस्पिटलात होते."

मला काही सुधरेना. मी विचारलं, नखावर कसं दिसतं हे. वन्संनी मान वर न करता सांगितलं, "जिवावर बेतलं ना वहिनी, की शरीर नखं वाढवायचं काम बाजूला ठेवतं. आधी जीव, मग नखं. बरं वाटलं की परत वाढवायला घेतं. पण थांबलेलं होतं तेवढी खाच राहते. ती नखाबरोबर पुढे पुढे सरकते." आणि मग तिला म्हणाल्या, "कोण होतं गं जवळ?"

"कुणी नाही."

"कळवायचं नाही?"

"रागावले होते ना तुझ्यावर," खारू म्हणाली. "इतकी रागावले होते. मग बरं नाही म्हणून एकदम कसं बोलावू?"

वन्संनी पुढचं बोट घेतलं. खारूच बोलत राहिली. तिला भरती केलं तेव्हा बोटाला चिमटा लावायला रंग काढायचा होता. तिथल्या मावशी आल्या, त्यांना घाई होती, त्यांनी हात ओढला आणि अंगठ्यापासून सुरू केलं. "मला धड बोलता येत नव्हतं," खारू म्हणाली. "श्वासच पुरत नव्हता. तरी मी त्यांना म्हटलं, करंगळीपासून करा ना. त्यांना काही समजलं नाही. म्हणाल्या, कुठूनही केलं तरी सारखंच. आणि आई, मग मला जे रडू आलं ते थांबेच ना. त्यांना वाटलं, दुखतंय."

वन्संनी तिचा हात उचलून गालाला लावला. रिमूव्हरचा वास, काळा कापूस, सगळ्यासकट. मी इस्त्रीचा प्लग काढला आणि आत गेले. त्या दोघींच्यात मला थारा नव्हता, आणि या वेळी त्याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना खारू आईला म्हणाली, "ही रेघ टोकाला आली की मी येते. तूच काप." नखं उघडी ठेवून गेली.

मग आमचे रविवार निराळे झाले. फोनवर फोटो यायचा, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेले दोन हात. वन्सं तो फोटो मोठा करून बघायच्या, हॉस्पिटलात दाखवायच्या, भाजीवालीला दाखवायच्या. भाजीवाली म्हणाली, "हातच का, तोंड नाही का पोरीला?" खाच वर वर सरकत होती. तिच्या खालचं नख गुलाबी, गुळगुळीत येत होतं. वन्सं म्हणायच्या, "खातेय नीट." मी कॅलेंडरकडे बघायचे, त्या नखांकडे बघायच्या, वाट दोघी एकाच गोष्टीची बघत होतो.

आणि खाच टोकाशी आली त्याच आठवड्यात खारूचा निरोप आला. ऑफिसात कामाचा डोंगर आहे, इतक्यात सुट्टी नाही. नखं वाढलीत, खाचेपाशी चिरतायत, सगळीकडे अडकतात. कापू का?

वन्संनी तो निरोप वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग मला म्हणाल्या, "लिहा तिला, कापून टाक. तुटलं तर रक्त येईल." आवाज अगदी सरळ. टेबलावरचा नेलकटर उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर लावतानाही आवाज येऊ दिला नाही.

माझ्या नाकावर राग आहे असं सगळे म्हणतात. असू दे. मी फोन घेतला आणि लिहिलं, 'खबरदार कापलंस तर. तुझी आई येतेय.' मग वन्संच्या पुढ्यात बॅग आणून टाकली. त्या म्हणाल्या, "अहो, रजा." मी म्हटलं, "इतक्या वर्षांत घेतलीय कधी? बाकीच्यांना येतंय नेलपॉलिश पुसता." त्या म्हणाल्या, "तिने बोलावलं नाही." तेवढ्यात फोन वाजला. खारूचं उत्तर होतं. दोनच शब्द. 'पाठव लवकर.' मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. वन्संनी ड्रॉवर उघडला.

पोचल्याचा फोन खारूने केला. "मामी, आई दारातच बसली," ती सांगत होती. "चप्पलसुद्धा काढली नाही. बॅग बाजूला, माझा हात मांडीवर, आणि करंगळीपासून सुरू." मी विचारलं, झाली का सगळी कापून. "एक राहिलंय," ती म्हणाली. "अंगठा. आई म्हणते, अंगठ्याचं नख हळू वाढतं, त्याची रेघ अजून टोकाला आली नाही. ते उद्या कापू."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी उद्याच. तिसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा खारू म्हणाली, की रेघ आता अगदी कडेला आलीय, मलासुद्धा दिसतेय, पण मी आईला सांगितलं नाही. आणि आई मान खाली घालून म्हणते, अजून थोडी आहे. मग दोघी फोनवरच हसायला लागल्या. मीही हसले. त्यानंतर मी अंगठ्याचं विचारणं सोडून दिलं.

वन्सं अजून आलेल्या नाहीत. नवरा पेपरच्या मागून विचारतो, कधी येणार. मी म्हणते, नख वाढलं की. तो म्हणतो, बरं, तू म्हणतेस तसं. रविवारी सकाळी टेबल मोकळं असतं. आज भांडी विसळून झाल्यावर मी हात पुसले आणि नळाखाली बोट धरून नखावर एक थेंब सोडला. ओघळून गेला. म्हणजे तब्येत चांगली आहे माझी. वन्संना सांगावं म्हणून फोन उचलला, आणि परत ठेवून दिला. फोन केला तर माझ्या आवाजावरून त्यांना कळेल, की मला त्यांची आठवण येते, आणि मग त्या उद्याच अंगठा कापून मोकळ्या होतील.